लक्ष्मी पूल ओलांडून आली

इतिहास लिहायचा म्हणजे साधनं लागतात. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायपीट करत हिंडले, लोकांच्या माळ्यावरची दप्तरं झाडली, तेव्हा कुठे त्यांच्या हाती चार कागद लागले. माझं तसं नाही. माझ्याकडे घरबसल्या तीन अस्सल साधनं आहेत : एक मनिऑर्डरचं कूपन, एक शिंप्याचं बिल आणि एक जाडजूड शब्दकोश. पैकी बिलाचा अर्धा भाग उंदरानं खाल्लेला असल्यामुळे ते जास्तच अस्सल वाटतं. एवढ्या भांडवलावर पुण्यातल्या फर्ग्युसन कॉलेज रस्त्यावरच्या खरेदीचा इतिहास लिहायला बसणं हे धाडसच. पण पुण्यात याहून कमी भांडवलावर लोकांनी याहून मोठाले इतिहास लिहिलेले आहेत, तेव्हा मी एकट्यानंच का लाजावं?

आधी नावाचा खुलासा करतो. या रस्त्याचं खरं नाव नामदार गोपाळ कृष्ण गोखले पथ. विश्वास नसेल तर पाटी वाचा. वाचून झाल्यावर एखाद्या रिक्षावाल्याला ‘गोखले पथ’ म्हणून सांगून पाहा. तो आधी तुमच्याकडे पाहील, मग आकाशाकडे पाहील आणि म्हणेल, “म्हणजे एफ. सी. रोडच ना?” ज्या गोखल्यांनी भर तारुण्यातली वर्षं या कॉलेजात शिकवण्यात घालवली, ते पाटीवर राहिले, आणि ज्या गव्हर्नरसाहेबांचं नाव कॉलेजला दिलं, ते सर जेम्स फर्ग्युसन लोकांच्या तोंडी राहिले. तेही धड नाही. अखेर त्यांची फक्त दोन इंग्रजी अक्षरं उरली. आता त्या दोन अक्षरांच्या नावानं मुली कानातली घेतात आणि मुलं मोबाइलची कव्हरं घेतात. कीर्ती म्हणतात ती हीच.

तर मूळ हकिकत अशी. डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ साली स्थापन झाली आणि २ जानेवारी १८८५ रोजी फर्ग्युसन कॉलेज सुरू झालं. तेव्हा ते नदीच्या अलीकडे, म्हणजे पुण्यात होतं. (नदीपलीकडे जे होतं त्याला पुणे म्हणायची पद्धत तेव्हा नव्हती. काही पेठांत अजूनही नाही.) पेठेतल्या वाड्यात वर्ग भरत. खाली रस्त्यावर भाजीवाली ओरडतेय, शेजारच्या घरी कुणाची मुंज चाललीय आणि वर प्राध्यापक भवभूती शिकवताहेत, असा तो मामला असणार. पुढे १८९५ साली कॉलेज नदी ओलांडून टेकडीच्या पायथ्याशी आलं. तो सगळा भाग तेव्हा भांबुर्डे गावचा. शेतं, झाडं, पाऊलवाटा आणि मागे टेकडी.

कॉलेज इतक्या लांब का नेलं? जागा पुरत नव्हती, हे झालं सरळ कारण. पण आमच्या अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, मत वेगळं होतं. ते तालुक्याच्या गावी संस्कृतचे मास्तर होते, त्यामुळे साध्या गोष्टीला साधं कारण त्यांना चालत नसे. ते म्हणत, “लक्ष्मीला गर्दी लागते नि सरस्वतीला मोकळी हवा. म्हणून सरस्वती पूल ओलांडून गेली. लक्ष्मी राहिली लक्ष्मी रस्त्यावर.” वाक्य फार सुंदर होतं. त्यात चूक एवढीच की लक्ष्मी तिथे राहिली नाही. सरस्वती पुढे निघाल्याचं पाहून तीही निघाली. फक्त ती सावकाश आली. वाटेत भाव करत करत आली असावी. लकडी पूल ओलांडून कॉलेजच्या दारापर्यंत पोचायला तिला शंभरएक वर्षं लागली. माझा सगळा इतिहास म्हणजे या प्रवासाची हकिकत आहे.

सुरुवातीच्या काळात या बाजूला खरेदी म्हणण्यासारखं काही नव्हतं. जे लागेल ते नदीपलीकडून आणायचं. धोंडो केशव कर्वे १८९१ पासून या कॉलेजात गणित शिकवत. पुढे हिंगण्याला त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, तेव्हा दिवसभर गणित शिकवून संध्याकाळी ते चालत हिंगण्याला जात. वाट चिखलाची, अंतर मैलांचं आणि आश्रमाला लागणारं सामानसुमान बरोबर. ‘प्राध्यापक खरेदी करून चालले आहेत’ हे या परिसरातलं मला ठाऊक असलेलं सगळ्यात जुनं दृश्य. खांद्यावरच्या त्या ओझ्यात स्वतःसाठी काही नाही, हे लक्षात ठेवा. कारण यानंतर माझी हकिकत येणार आहे.

दुसरी ठळक नोंद खरेदीची नाही, खरेदी केलेलं जाळण्याची आहे. ऑक्टोबर १९०५ मध्ये लकडी पुलापलीकडच्या मोकळ्या जागी विलायती कापडाची होळी झाली. पुढाकार विनायक दामोदर सावरकरांचा. ते तेव्हा फर्ग्युसनच्या वसतिगृहात राहत होते. कॉलेजनं त्यांना दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढलं. प्रिन्सिपॉल होते रँग्लर परांजपे. कोण बरोबर, कोण चूक, यावर पुण्यात अजून दोन्ही बाजूंनी तास-दोन तास सहज बोलता येतं, म्हणून मी त्यात शिरत नाही. मला फक्त एवढंच म्हणायचं आहे की, अंगावर काय घालायचं हा प्रश्न या कॉलेजात पहिल्यापासून गंभीर होता. एका पिढीनं त्यासाठी वसतिगृह सोडलं. आमच्या पिढीनं त्यासाठी जे केलं ते पुढे सांगतो.

यानंतर लक्ष्मीची पावलं दिसू लागतात. १९०६ साली डेक्कन जिमखाना क्लब निघाला आणि भोवतीच्या भागाला तेच नाव पडलं. बंगले आले. बंगल्यांमागोमाग वाणी, शिंपी, सायकलवाला आले. १९३५ साली कोपऱ्यावर गुडलक हे इराण्याचं हॉटेल आलं आणि बन-मस्का हा शब्द विद्यार्थ्यांच्या अभ्यासक्रमात दाखल झाला. पुढे मद्रास हेल्थ होम नावाचं हॉटेल निघालं. त्याचीच पुढे ‘वैशाली’ झाली. एके काळी तिथे ‘हेल्थ’साठी जायचं असे, हे आज दारातल्या गर्दीत पाऊण तास उभं राहिलेल्या माणसाला सांगून पटणार नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं, नदीकाठच्या पेठा पाण्यात गेल्या आणि त्यानंतरच्या वर्षांत शहर नदीच्या या बाजूला आणखीनच पसरत गेलं. अशा रीतीनं लक्ष्मी गुडलकच्या चौकापर्यंत येऊन ठेपली होती. अशा वेळी, १९७४ च्या जून महिन्यात, एक वळकटी आणि एक पत्र्याची ट्रंक घेऊन मी पुण्यास आलो.

माझ्या आगमनाची नोंद इतर इतिहासकारांनी घेतलेली नाही. ती त्यांची अनवधानानं झालेली चूक आहे.

तेव्हाचा रस्ता आठवला की आधी झाडं आठवतात, मग सायकली. झाडांच्या सावलीत सायकलींचे थवे. दुकानं होती, पण एकमेकांपासून सोवळ्यानं वेगळी बसल्यासारखी. दुकानदारही तसेच. वही मागितली तर “दोनशे पानी की शंभर?” असं विचारत आणि आपण “दोनशे” म्हटलं की, हा एवढं लिहिणार आहे का, अशा नजरेनं पाहत. आमच्या गरजा मोजक्या होत्या : वह्या, शाई, खोबरेल तेल, साबण आणि शनिवारी मेसला सुट्टी म्हणून संध्याकाळी एक डोसा. बाकी वेळ आम्ही खरेदी न करता नुसती दुकानं पाहत हिंडत असू. याला हल्ली विंडो शॉपिंग म्हणतात. आम्ही त्याला ‘पाय मोकळे करणं’ म्हणत होतो. पाय मोकळे असायचेच, कारण खिसेही मोकळे असायचे.

आता पहिलं साधन, म्हणजे मनिऑर्डरचं कूपन. त्यावर अण्णांच्या वळणदार अक्षरात लिहिलं आहे : ‘सोबत रु. ३०. आपट्यांचा कोश घेणे. दुसऱ्यांच्या कोशावर संस्कृत होत नाही.’ तीस रुपयांत तेव्हा महिन्याच्या खाणावळीचा चांगला हिस्सा भागत असे. मास्तरांच्या पगारातून तीस रुपये वेगळे निघतात ते कुठून निघतात, हे ज्याच्या घरी मास्तर आहे त्यालाच कळेल. मला कळत होतं. पण अठराव्या वर्षी कळणं आणि वळणं या दोन गोष्टींमध्ये एक शिंपी बसलेला असतो.

हा शिंपी डेक्कनवरच्या एका गल्लीत बसे. त्याच्या काचेत एक बेलबॉटम लटकत होती. बेलबॉटम म्हणजे काय, हे नव्या वाचकांना सांगायला हवं. मांडीपर्यंत पँट आणि गुडघ्याखाली परकर, असं ते वस्त्र होतं. आमच्या वर्गात ज्यांना बेलबॉटम होती त्यांच्याशी मुली बोलत, असा आमचा समज होता. आता विचार केला तर ती मुलं मुंबईची होती, बोलकी होती, दिसायलाही बरी होती. पण त्या वेळी सगळं श्रेय आम्ही पँटच्या घेराला दिलं. कार्यकारणभाव लावताना इतिहासकाराची अशी फसगत पुष्कळदा होते.

कापड टेरिकॉटचं, रंग बदामी. शिंप्यानं गुडघ्यावर बसून माप घेतलं आणि विचारलं, “बॉटम किती ठेवायचा?”

“किती असतो?” मी विचारलं.

“बावीस घेतात. चोवीस घेतात. हिंमत असेल तर सव्वीस.”

हिंमतीचा प्रश्न आल्यावर मराठी माणूस मागे हटत नाही. सव्वीस. कापड आणि शिलाई मिळून अठ्ठावीस रुपये साठ पैसे झाले. (साधन क्रमांक दोन, ‘साठ’च्या जागी आता उंदराचा दात आहे, पण मला पाठ आहे.) उरलेल्या एक रुपया चाळीस पैशांत मी चहा प्यायलो आणि मित्राला पाजला. कोशाचं काय? खोलीत कुलकर्ण्याचा होता. कोश काय, एका खोलीत एक पुरतो. पँट प्रत्येकाला वेगळी लागते. युक्तिवाद बिनतोड होता. कॉलेजात तर्कशास्त्र शिकवत, त्याचा हा उपयोग.

सोमवारी सकाळी मी ती पँट घालून, सायकलवर बसून, कॉलेजच्या फाटकाशी पोचलो. बरोबर त्याच वेळी मुलींचा एक घोळका आत शिरत होता. वेग कमी करावा आणि सावकाश उतरावं असा विचार मी केला. सायकलीच्या साखळीनं वेगळा विचार केला. सव्वीस इंचांपैकी आठेक इंच तिनं तोंडात घेतले आणि चावायला सुरुवात केली. मी पायडल मागे फिरवलं, तर तिनं आणखी थोडं घेतलं. शेवटी मी आणि सायकल, दोघंही जोडीनं, फाटकातच आडवे झालो. मुली थांबल्या. एक तर माझ्याशी बोललीसुद्धा. “लागलं का हो?” असं तिनं विचारलं. बेलबॉटममुळे मुली बोलतात, हा सिद्धान्त या अर्थानं खरा ठरला. साखळीतून पाय सोडवायला एका दरवानाला किल्लीनं कापड कुरतडावं लागलं. उजवा पाय गुडघ्यापर्यंत फाटला, आणि जो भाग वाचला त्याला वंगण लागलं. ते वंगण कोणत्याही साबणानं गेलं नाही. पँट एकूण अकरा मिनिटं वापरली.

पुढच्याच आठवड्यात अण्णा पुण्याला आले. त्यांचं काम डोळ्यांच्या डॉक्टरांकडे होतं. चष्म्याचा नंबर बदलला होता, आणि जुन्या चष्म्याची एक काडी मोडली म्हणून तिच्या जागी त्यांनी दोरा बांधला होता. वर्गात मुलं त्या दोऱ्याकडे पाहतात, असं आई म्हणाली होती. नवा चष्मा करून संध्याकाळच्या एसटीनं परत जायचं, असा बेत. दुपारी ते वसतिगृहात आले, खाटेवर बसले, तांब्याभर पाणी प्यायले आणि म्हणाले, “कोश बघू.”

मी कुलकर्ण्याचा कोश काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी आधी तो कपाळाला लावला, मग उघडला. पहिल्याच पानावर कुलकर्ण्यानं आपलं नाव, गाव आणि ‘हे पुस्तक चोरणारास’ वगैरे मजकूर निळ्या शाईनं लिहिला होता. अण्णांनी तो दोऱ्याच्या चष्म्यातून सावकाश, पूर्ण वाचला. मग वर पाहून म्हणाले, “तू कुलकर्णी कधी झालास?”

मी गप्प. खुंटीवर वंगणाची बदामी पँट लोंबत होती. तिच्याकडे त्यांनी एकदाच पाहिलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. पण ते उठले, कोश पुन्हा कुलकर्ण्याच्या टेबलावर सरळ ठेवला आणि म्हणाले, “चल. चपला घाल.”

आम्ही चालत निघालो. गुडलकचा चौक, डेक्कन, लकडी पूल. पुलावर खाली नदी पाहत ते थोडा वेळ थांबले. मला वाटलं, आता बोलणार. पण ते म्हणाले, “लाकूड केव्हाच गेलं. नाव राहिलं.” एवढंच. मग केळकर रस्त्यानं अप्पा बळवंत चौक.

हा चौक म्हणजे पुण्याची खरी टांकसाळ. नाव पेशवाईतल्या सरदार अप्पा बळवंत मेहेंदळे यांचं. विद्यार्थी त्याला ‘एबीसी’ म्हणतात. पुस्तकांच्या बाजाराला याहून चांगलं नाव शोधून सापडलं नसतं. इथे एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. लक्ष्मी सरस्वतीच्या मागून गेली, पण जाताना सरस्वतीची पुस्तकं मात्र अलीकडेच राहिली होती. जूनमध्ये इथे सगळं पुणं पुस्तकं घ्यायला येतं, आणि परीक्षा संपली की तेच पुणं तीच पुस्तकं विकायला येतं. एकेका पुस्तकावर आधीच्या चार-पाच मालकांची नावं असतात. सरदार-घराण्याच्या वंशावळीसारखी. विकत घेताना दुकानदार म्हणतो, “आता सिलॅबस बदलला.” विकताना म्हणतो, “सिलॅबस काही बदलत नाही हो.” दोन्ही वेळा तो अगदी मनापासून बोलत असतो.

अण्णांनी जुना आपट्यांचा विद्यार्थी-कोश मागितला. आयुष्यात त्यांनी कधी भाव केला नव्हता, तिथेही केला नाही. पण पुस्तक हातात घेऊन त्यांनी पानन् पान मोजायला सुरुवात केली. कुठलं पान सुटलंय, कुठं कोपरा गेलाय, शिवण कुठे सैल झालीय. पाऊण तास. गिऱ्हाइकं आली, गेली. दुकानदार आधी कंटाळला, मग चिडला आणि शेवटी त्याला वाटलं असावं की हा गृहस्थ दुकानातच मुक्काम करणार. त्यानं आपण होऊन तीन रुपये कमी केले. अण्णांनी आतल्या खिशातून कागदात गुंडाळलेले पैसे काढले. त्या कागदावर चष्म्याचा नंबर लिहिलेला होता.

“अण्णा, चष्म्याचं?” मी विचारलं.

“जुन्यानं अजून दिसतंय,” ते म्हणाले.

बाहेर आल्यावर त्यांनी मला उसाचा रस पाजला आणि मग पहिल्यांदा सविस्तर बोलले. रागावून नाही, वर्गात बोलत तसं. “वामन शिवराम आपटे हे तुमच्या कॉलेजचे पहिले प्रिन्सिपॉल. ठाऊक आहे का?” मला ठाऊक नव्हतं. “१८५८ चा जन्म. हा संस्कृत-इंग्रजी कोश निघाला १८९० साली. म्हणजे वय किती?”

“बत्तीस.”

“आणि १८९२ साली गेले. चौतिसाव्या वर्षी.” त्यांनी ग्लास खाली ठेवला. माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, “तुझ्यापाशी अजून चौदा वर्षं आहेत.”

ती चौदा वर्षं केव्हाच संपली. माझ्या हातून कोश झाला नाही. संस्कृतही बेताचंच झालं, बँकेत नोकरी केली. पण पुढचं अख्खं वर्ष अण्णांनी दोऱ्याच्या चष्म्यानं शिकवलं, हे मी विसरलो नाही. आणि वर्षअखेरीस कोश एबीसीमध्ये विकायची वेळ आली तेव्हा तो मला विकता आला नाही. दुकानदार म्हणाला होता, “सिलॅबस बदलला.” मी म्हटलं, “बदलू द्या.” साधन क्रमांक तीन ते हेच. त्याच्या पहिल्या पानावर तीन नावं खोडलेली आहेत आणि चौथं माझं आहे. अक्षर अण्णांचं.

इकडे लक्ष्मी चालतच होती. गुडलकचा चौक मागे टाकून ती पुढे सरकली. बंगल्यांच्या पडव्या दुकानं झाली, दुकानांच्या पायऱ्यांवर पथारीवाले बसले, पथारीवाल्यांपुढे गिऱ्हाईक उभं राहिलं आणि चालणाऱ्या माणसानं रस्त्यात उतरावं असं ठरलं. डेक्कनवरच्या एका बोळाला लोक हाँगकाँग लेन म्हणू लागले. हाँगकाँग पुण्यात आलं आणि त्याला कुणी पुणेरी पाटी लावली नाही, हेच आश्चर्य. ‘एक्स्पोर्ट सरप्लस’ नावाचे कपडे आले. परदेशी पाठवायचे म्हणून शिवले, पण जे उरले किंवा ज्यांचं बटण वाकडं निघालं, ते इथे. एके काळी ज्या कॉलेजची पोरं विलायती कापड इथे जाळत होती, त्याच कॉलेजची पोरं आता विलायतेला न गेलेलं कापड इथे घासाघीस करून घेतात. इतिहासाचं चक्र फिरतं म्हणतात. मला तर ते सायकलच्या साखळीसारखं वाटतं. कुणाची पँट केव्हा ओढील, सांगता येत नाही.

परवा मी पुष्कळ वर्षांनी त्या रस्त्यानं चाललो. मला घेऊन गेली माझी नात. ती मूळची नाशिकची, म्हणजे माझ्या लेकीची मुलगी. आता त्याच कॉलेजात शिकते आणि रविवारी माझ्याकडे जेवायला येते. गेल्या महिन्यात तिनं मला फोन केला होता, “आजोबा, एक रेफरन्सचं पुस्तक घ्यायचंय. पंधराशे रुपये लागतील.” हल्ली मनिऑर्डर नसते. फोनवर दोनदा बोट लावलं की पैसे पोचतात. कूपन नाही, त्यामुळे ‘दुसऱ्यांच्या पुस्तकावर’ वगैरे काही लिहिताही येत नाही.

तर चालता चालता माझं लक्ष तिच्या जीन्सकडे गेलं. नवी दिसत होती, पण दोन्ही गुडघे फाटलेले. मी कळवळून विचारलं, “अगं, सायकलवरून पडलीस की काय?”

“आजोबा, स्टाइल आहे ती! कारखान्यातनंच फाटून येते.”

“केवढ्याला?”

“बाराशे सांगत होता. मी नऊशेला आणली,” ती अभिमानानं म्हणाली. माझी साखळीनं फुकट फाडून दिली होती, हे मी मनातल्या मनात म्हणालो.

“आणि ते पुस्तक?”

ती जराशी थांबली. “ते ना... मैत्रिणीकडे आहे. तिचंच वापरते.”

“तिचं आडनाव कुलकर्णी का गं?”

“नाही, पाटील. का?”

“काही नाही,” मी म्हणालो. रागवायचा अधिकार मला नव्हता. तो १९७४ मध्येच अठ्ठावीस रुपये साठ पैशांना विकून झालेला आहे. मी एवढंच म्हणालो, “पुढच्या रविवारी जेवून झालं की आपण एबीसीत जाऊ. चालत. मला पानं मोजायची आहेत.”

तिला काही कळलं नाही, पण “बरं,” म्हणाली. मग एकदम एका पथारीपाशी वाकली. तिथे कानातली होती, केसांच्या पिना होत्या, आणखी काय काय रंगीबेरंगी लटकत होतं. त्यातली एक काळी गोफाची दोरी तिनं ओढून काढली.

“आजोबा, ही घ्या तुम्हाला. सारखा चष्मा शोधत असता ना? ही काड्यांना लावून गळ्यात अडकवायची. फक्त ऐंशी रुपये. माझ्याच पैशांतले. म्हणजे, तुमच्याच उरलेल्यातले.”

तिनं माझा चष्मा काढून घेतला, दोरीची टोकं दोन्ही काड्यांत अडकवली आणि तो परत माझ्या नाकावर ठेवला. पथारीवाला म्हणाला, “साहेब, आरसा बघा.” त्यानं पुढे केलेल्या आरशात मी पाहिलं. गर्दी होती, मागून लोक ढकलत होते, रिक्षा ओरडत होत्या. आरशात दोऱ्याचा चष्मा घातलेले अण्णा मला अगदी स्वच्छ दिसले.

पथारीवाला साठला द्यायला तयार होता. मी ऐंशीच दिले.